पहिल्या लेव्हलला विझर्ड मरतो, पाचवीनंतर कोणीच मरत नाही : एका जुनाट दोषाचे निवारण

सोलापुरात रविवारी संध्याकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन, फासे टाकत, मिळून कथा रचण्याचा टेबलावरचा खेळ) खेळायला जमणाऱ्या गटांकडून दोन तक्रारी ठरावीक क्रमाने ऐकू येतात. मोहीम (अनेक बैठका चालणारी कथा) नुकतीच सुरू झालेली असताना पहिली तक्रार येते की पात्रे फार लवकर मरतात, आणि त्यातही विझर्ड किंवा सॉर्सरर (दोन्ही जादूगार) घेतलेल्या खेळाडूवरच पुन्हा नवे पात्र लिहिण्याची वेळ येते. पात्रे पाचव्या लेव्हलला (अनुभवाने वाढत जाणारी पातळी) पोहोचली की दुसरी तक्रार येते: आता कोणीच मरत नाही, आणि फायटर (शस्त्रांनी लढणारा योद्धा) घेतलेल्या खेळाडूला आपण टेबलावर कशासाठी बसलो आहोत हेच कळेनासे होते, कारण लढाई त्याची पाळी येण्याआधी विझर्डच्या एका स्पेलने (मंत्राने) निकालात निघालेली असते. मग डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) एखादी दुरुस्ती करतो, म्हणजे फायरबॉल या स्फोटक स्पेलची ताकद कमी करतो, फायटरला जादूची तलवार देतो किंवा राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो याचा आकडा) दुप्पट करतो. मोहीम कशीबशी संपते आणि पुढच्या मोहिमेत दोन्ही तक्रारी त्याच क्रमाने परत येतात.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून त्यांवर वेगवेगळे इलाज केले जातात, म्हणूनच त्या परत येतात असे मला वाटते. क्लासमधील (विझर्ड, फायटर अशा पात्रप्रकारांमधील) तोल आणि पात्रांची मरणाधीनता या दोन्ही गोष्टी खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एकाच हिशोबावर उभ्या आहेत, आणि तो हिशोब म्हणजे दोन लाँग रेस्टच्या (ताकद परत देणाऱ्या आठ तासांच्या विश्रांतींच्या) मधल्या दिवसात काय काय घडते. क्लासच्या नियमांना हात लावण्याआधी तो दिवस मोजावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढील सर्व आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ मध्ये आलेल्या नव्या संचाने जिथे फरक पडतो, तो विषय वेगळा घेतला आहे.

आधी वहीत नोंद

दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी डीएमने सलग काही बैठका एवढेच टिपावे: एका लाँग रेस्टपासून पुढच्या लाँग रेस्टपर्यंत किती लढाया झाल्या, प्रत्येक लढाई किती राउंड (सर्वांच्या एकेका पाळीची फेरी) चालली, रेस्ट घेताना प्रत्येक स्पेलवाल्या पात्राकडे कोणते स्लॉट (स्पेल टाकण्याच्या मोजक्या संधी) शिल्लक होते, आणि शून्य हिट पॉइंटवर कोण, कोणाच्या फटक्याने गेले. ही नोंद ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत, पण ती नसेल तर टेबलावरची चर्चा शेवटी ‘विझर्ड फारच भारी आहे’ आणि ‘तुला खेळताच येत नाही’ या दोन वाक्यांपाशी येऊन थांबते.

शून्यावर जाण्याच्या नोंदी पहिल्या दोन लेव्हलमध्येच दाटलेल्या दिसल्या तर दोष फाशांच्या चढउताराचा असतो. दर रेस्टमागे एखाददुसरीच लढाई दिसली आणि स्लॉट निम्म्याहून अधिक उरलेले दिसले, किंवा सगळे स्लॉट त्या एकाच लढाईत उधळलेले दिसले, तर दोष दिवसाच्या लांबीचा असतो. या दोन्हींपैकी काहीच दिसले नाही आणि फायटरवाला तरीही कंटाळलेला असेल, तर कारण बहुधा लढाईच्या बाहेर सापडते.

पहिल्या लेव्हलचे मरण

कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेला पहिल्या लेव्हलचा विझर्ड घेतला तर डी६ (सहाबाजू फासा) चे कमाल ६ आणि कॉन्स्टिट्यूशनचे वर २ असे त्याचे ८ हिट पॉइंट होतात. तेवढेच कॉन्स्टिट्यूशन असलेल्या फायटरचे डी१० मुळे १२ होतात. ८ आणि १२ हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण त्यात आर्मर क्लास (बचावाचा आकडा) मिसळला की चित्र पालटते. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा वार वीसबाजू फाशावर अधिक ४ ने होतो, आणि बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त आली तर तो लागतो. मेज आर्मर हे संरक्षक स्पेल न टाकलेल्या, डेक्स्टेरिटी (चपळता) १४ असलेल्या विझर्डचा आर्मर क्लास १२, म्हणून त्याला १०० पैकी ६५ वार लागतात. चेन मेल (कड्यांचे चिलखत) आणि ढाल घेतलेल्या फायटरचा १८, म्हणून त्याला ३५. गॉब्लिनच्या तलवारीची इजा डी६ अधिक २, म्हणजे सरासरी साडेपाच. गुणाकार करून पाहिल्यास विझर्ड साधारण सव्वादोन वारांत खाली जातो आणि फायटर सहाहून थोड्या अधिक वारांत, म्हणजे टिकाऊपणात जवळपास तिपटीचा फरक पडतो. मेज आर्मर टाकले तर विझर्डचा आर्मर क्लास १५ होतो आणि वार लागण्याची शक्यता ५० टक्क्यांवर येते. पण पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे दोनच स्लॉट असतात, त्यांतला एक त्यात जातो, आणि नवा खेळाडू तो खर्च सहसा करत नाही.

ऑर्क या थोराड राक्षसाच्या कुऱ्हाडीचे गणित याहून कठोर आहे. तिची इजा डी१२ अधिक ३ असून क्रिटिकल (फाशावर थेट २० येऊन इजेचे फासे दुप्पट होणे) लागल्यास दोन डी१२ अधिक ३ होते, जिची सरासरी नेमकी १६ भरते. शून्यावर आल्यानंतर उरलेली इजा पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतकी किंवा त्याहून अधिक असेल तर डेथ सेव्ह (शून्यावरच्या पात्राने जगण्यासाठी टाकायचे फासे; तीन अपयशे म्हणजे मृत्यू) न करता पात्र जागीच मरते, असा नियम आहे. ८ हिट पॉइंटच्या धडधाकट विझर्डसाठी ती मर्यादा १६ वर येते. याचा अर्थ, क्रिटिकल लागलाच तर तो जागीच मरण्याची शक्यता ५४ टक्के आहे. १२ हिट पॉइंटच्या फायटरसाठी मर्यादा २४ वर जाते आणि शक्यता सुमारे ७ टक्क्यांवर उतरते. खेळाडूने काहीही चूक न करता, केवळ विसाव्या आकड्यावर त्याचे पात्र संपते, आणि हा प्रसंग पहिल्याच संध्याकाळी घडला तर तो खेळाडू पुढच्या रविवारी येईलच असे सांगता येत नाही.

डीएमच्या बाजूने सर्वाधिक घडणारी गोष्ट म्हणजे चार खेळाडूंसमोर चार गॉब्लिन उभे करणे, कारण चारास चार हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक गॉब्लिनचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण, ज्यांवरून लढाईची अवघडताही मोजतात) धरून २०० होतात, तीन ते सहा शत्रू असल्यास त्यांना दोनने गुणायचे असते, आणि येणारा ४०० हा आकडा पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी ‘डेडली’ या सर्वांत अवघड पातळीची बरोबर सुरुवात असतो. तीन गॉब्लिन ३०० म्हणजे ‘हार्ड’ होतात. दोन असतील तर गुणक दीड आणि आकडा १५०, जो ‘इझी’त बसतो. एकेक गॉब्लिन कमी-जास्त करताना लढाईचा दर्जा किती झपाट्याने बदलतो हे लक्षात घेतले, तर पहिल्या लढाईत दोनच ठेवणे आणि तिसरा आवाज ऐकून दोन राउंडनंतर येईल असे पाहणे हा सर्वांत स्वस्त इलाज ठरतो.

दुसरा इलाज जुन्या नियमांतला आहे आणि तो का गेला याचे मला अजूनही नवल वाटते. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात शत्रूंचे मनोधैर्य दोन सहाबाजू फाशांवर तपासले जात असे: पहिला गडी पडल्यावर एकदा आणि निम्मे पडल्यावर पुन्हा. गॉब्लिनसाठी ७ हा आकडा ठेवून त्यापेक्षा जास्त आल्यास ते पळतात असे ठरवले, तर दर तपासणीला सुमारे ४२ टक्के शक्यतेने लढाई तिथेच आटोपते. पात्रे वाचतात आणि पळालेला गॉब्लिन पुढच्या खोलीत बातमी पोहोचवतो, म्हणजे कथानकालाही खाद्य मिळते.

त्याच जुन्या संचातली दुसरी गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलू नये. आपल्याकडे काही डीएम जुन्या पद्धतीचे व्हिडिओ पाहून ‘शून्य म्हणजे मृत्यू’ हा नियम पाचव्या आवृत्तीत आणतात, आणि मग पहिली तक्रार दुप्पट जोराने येते. १९७४ च्या मूळ खेळात फायटिंग-मॅन (आजचा फायटर), मॅजिक-यूझर (आजचा विझर्ड) आणि क्लेरिक (बरे करणारा पुरोहित) असे तीनच क्लास होते. थीफ (चोर) १९७५ मध्ये आला. १९८१ च्या संचात मॅजिक-यूझरला डी४ हिट पॉइंट, दिवसाला एक स्पेल आणि शून्यावर मरण अशी स्थिती होती, पण त्या सगळ्याला दोन आधार होते: नवे पात्र काही मिनिटांत तयार होई, आणि प्रत्येक क्लासला दुसऱ्या लेव्हलसाठी लागणारे एक्सपी वेगळे होते. थीफला १,२०० पुरत, फायटरला २,००० लागत आणि मॅजिक-यूझरला २,५००. सुरुवातीला दुबळा, वाढायला सावकाश आणि जगलाच तर शेवटी सर्वांत बलाढ्य असा तो तोल मोहिमेच्या लांबीवर पसरलेला होता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व क्लासना एकच एक्सपी तक्ता आला आणि तोल प्रत्येक लेव्हलमध्येच साधण्याची जबाबदारी नियमांवर पडली. जुने मरण आणि नवा तक्ता यांची सांगड घातली की दोन्हीकडचे आधार सुटतात, कारण पाचव्या आवृत्तीत पात्र लिहायला नवख्याला अर्धी संध्याकाळ लागते.

पहिली लेव्हल मुळातच छोटी आहे हेही विसरले जाते. दुसरीला फक्त ३०० एक्सपी लागतात आणि तिसरीला ९००, म्हणजे या दोन लेव्हल दोन-तीन बैठकांत संपाव्यात अशीच आखणी आहे. अनुभवी गटाने थेट तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात केल्यास हा सगळा विभाग टळतो; नवख्यांच्या गटात मात्र तिसऱ्या लेव्हलची पर्यायांची गर्दी पहिल्याच दिवशी अंगावर येते, म्हणून तिथे पहिल्या लेव्हललाच सर्वांना सरसकट ५ हिट पॉइंट जास्त देणे मला अधिक पसंत आहे. विझर्ड ८ वरून १३ वर आणि फायटर १२ वरून १७ वर जातो, म्हणजे जो पातळ आहे त्यालाच प्रमाणाने अधिक मिळते आणि कोणत्याही क्लासच्या नियमाला हात लागत नाही. ऑर्कचा तो क्रिटिकल आता विझर्डला जागीच मारायला २६ वर जावा लागतो, आणि त्याची कमाल २७ आहे.

पाचव्या लेव्हलचा दिवस

आता मुख्य दोष. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या दर्जाचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन असे नऊ स्लॉट असतात, आणि आर्केन रिकव्हरी या त्याच्या खास क्षमतेने दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टमध्ये (तासाभराच्या विश्रांतीत) तिसऱ्या दर्जाचा आणखी एक परत मिळवता येतो. फायरबॉलची इजा आठ डी६, सरासरी २८. पाच शत्रूंच्या घोळक्यात तीन जणांचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकला आणि दोघांचा साधून त्यांना निम्मीच इजा झाली असे धरले तर एका पाळीत ११२ इजा होते. स्ट्रेंग्थ १८ चा फायटर ग्रेटसोर्डने दोन्ही वार लागले तर २२ करतो, अॅक्शन सर्ज (एका पाळीत जादा कृती) वापरून चारही लागले तर ४४. या दोन आकड्यांकडे एकाच लढाईपुरते पाहिले की फायटरवाल्या खेळाडूची तक्रार रास्तच ठरते.

पण २०१४ च्या डीएम मार्गदर्शकाने दिवसभरात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरले आहेत. सात लढाया, प्रत्येकी चार राउंड, असे २८ राउंड धरले तर विझर्डचे फायरबॉल जास्तीत जास्त तीन होतात आणि उरलेल्या बहुतेक राउंडमध्ये तो लहान स्पेल आणि कॅन्ट्रिपवर (स्लॉट न लागणाऱ्या स्पेलवर) भागवतो. फायटर त्याच दिवसात ५६ वार करतो, शिवाय तीनदा अॅक्शन सर्ज आणि तीनदा सेकंड विंड (स्वतःचे काही हिट पॉइंट परत मिळवणे), कारण या दोन्ही गोष्टी शॉर्ट रेस्टने परत येतात. वॉरलॉक या जादूगाराचे दोन स्लॉट आणि मंक या लढवय्या साधूचे ‘की’ (अंतःशक्ती) पॉइंटही तसेच परत येतात. रोग (Rogue, लपून वार करणारा) या क्लासला तर रेस्टची गरजच नाही. त्याचा तीन डी६ चा स्नीक अटॅक (संधी साधून केलेली जादा इजा) दिवस कितीही लांबला तरी कायम राहतो. दिवसात एकच लढाई असली की शॉर्ट रेस्टवर जगणारे सर्व क्लास आपली निम्मी ताकद न वापरताच झोपतात.

ज्यांच्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येते, अशा सोलापूरकरांना हे फार समजावून सांगावे लागत नाही: पुढचे पाणी चार दिवसांनी आहे हे माहीत असलेला माणूस पिंप जपून वापरतो, आणि ज्याला रोज सकाळी भरलेले पिंप मिळते त्याला काटकसर सांगण्यात अर्थ नसतो. आपल्या टेबलावर विझर्डला रोज भरलेले पिंप मिळत आहे.

ते का मिळते याचे कारण नियमांत नसून आपल्या वेळापत्रकात आहे. बैठक तीन तासांची असते, बार्शी किंवा अक्कलकोटहून येणाऱ्यांना परतीची गाडी गाठायची असते, कोणाच्या घरी नेमके त्याच संध्याकाळी पाणी सुटलेले असते. एक लढाई आणि थोडे संभाषण एवढ्यात वेळ संपतो, मग डीएम सोयीसाठी कथेतही रात्र पाडतो आणि पुढच्या रविवारी सगळे ताजेतवाने उगवतात. जानेवारीत गड्डा यात्रेमुळे दोन-तीन रविवार बुडाले तर मागच्या वेळी कोणाकडे किती स्लॉट होते हे कोणालाच आठवत नाही, आणि न आठवण्याचा निकाल नेहमी लाँग रेस्टच्या बाजूने लागतो. बैठक संपणे म्हणजे लाँग रेस्ट, हा अलिखित नियम आपणच तयार केलेला आहे, आणि क्लासमधील तोल त्यानेच मोडतो.

म्हणून पहिली दुरुस्ती अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. बैठक संपताना प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टर शीटवर शिल्लक हिट पॉइंट, स्लॉट आणि हिट डाइस (शॉर्ट रेस्टमध्ये हिट पॉइंट परत मिळवायचे फासे) लिहावेत, आणि डीएमने सर्व शीटचे फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकावेत. पुढची बैठक कितीही आठवड्यांनी झाली तरी कथेतली वेळ त्याच क्षणापासून सुरू करावी. एवढ्याने दोष पूर्ण गेला नाही तरी तो कुठे आहे हे सर्वांना दिसू लागते.

दुसरी दुरुस्ती लढायांच्या संख्येची. तीन तासांच्या बैठकीत सहा-आठ लढायांचा दिवस उरकायला दीड-दोन महिने लागतील, आणि तसा हट्ट धरण्याची गरजही नाही. त्याच मार्गदर्शकातील दैनंदिन एक्सपीचा आकडा पाहिला तर पाचव्या लेव्हलला दर पात्री ३,५००, म्हणजे चौघांचे १४,००० होतात. मध्यम लढाईची सुरुवात २,००० वर होते, म्हणून अशा सात लढाया बसतात. ‘डेडली’ची सुरुवात ४,४०० वर होते, म्हणून अशा लढायांत दिवस साधारण तीनमध्येच भरतो. पहिल्या लेव्हललाही हे प्रमाण तसेच निघते, कारण तिथे चौघांचा दिवस १,२०० चा आणि ‘डेडली’ ४०० ची आहे. पण वर सांगितलेल्या कारणांमुळे तिथे ते वापरू नये. तिसऱ्या लेव्हलपासून पुढे तीन अवघड लढाया, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट आणि तिसरी झाल्यावरच लाँग रेस्ट, हा साचा आपल्या रविवारांना बसतो. दोन किंवा तीन बैठकांत मिळून कथेतला एक दिवस संपतो.

खेळाडू मध्येच झोपायला गेले तर काय, हा प्रश्न लगेच येतो. मार्गदर्शकात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करण्याचा पर्याय दिलेला आहे, आणि लांब प्रवासाच्या मोहिमेत तो चांगला चालतो. तळघरांच्या मोहिमेत मात्र तो अडतो आणि मेज आर्मरसारखे आठ तासांचे स्पेल एका शॉर्ट रेस्टमध्येच संपून जातात. त्याऐवजी जागेनेच रेस्ट अडवावी. आपल्या भुईकोट किल्ल्याचाच आराखडा समोर ठेवा: खंदक, बाहेरचा तट, आतला तट. खंदकापाशी पहिली लढाई, दोन तटांमधल्या पट्ट्यात दुसरी, आतल्या तटाच्या आत तिसरी. बाहेरच्या बुरुजातील एखाद्या खोलीत दार लावून तासभर बसता येते, पण आठ तास बसता येत नाही, कारण तोवर पहारा बदलतो आणि खंदकाकडची प्रेते सापडतात. परत फिरून गावात जाण्याची मोकळीक खेळाडूंना असावी. मात्र दुसऱ्या दिवशी दरवाज्यावर दुप्पट माणसे आणि आतला कैदी दुसरीकडे हलवलेला, असा त्याचा परिणाम त्यांना आधीच दिसत असावा. न सांगता लादलेला परिणाम खेळाडूंना शिक्षेसारखा वाटतो, आणि त्यांचे तसे वाटणे बरोबर असते.

कोणीच मरत नाही तेव्हा

पाचव्या लेव्हलनंतर मरण दुर्मीळ होते त्याचे कारण हिट पॉइंटपेक्षा हीलिंग वर्ड हे बरे करणारे स्पेल अधिक आहे. साठ फुटांवरून, बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत), पहिल्या दर्जाचा एक स्लॉट खर्चून पडलेल्या पात्राला उठवता येते. किती हिट पॉइंट मिळाले याला महत्त्व नसते, कारण १ हिट पॉइंटचा फायटरही पूर्ण ताकदीने वार करतो. कोणी मदतीला आले नाही आणि आणखी मार बसला नाही, तरी डेथ सेव्हवर जगण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. त्यात पाचव्या लेव्हलला क्लेरिकला रिव्हिव्हिफाय मिळते, म्हणजे मेल्यानंतर मिनिटभराच्या आत ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्चून परत.

इथे डीएम जे इलाज करतात, त्यांतील बहुतेक फायटरच्याच मुळावर येतात. राक्षसांची इजा वाढवली तर ती समोर उभ्या असलेल्या पात्राला बसते. हिट पॉइंट दुप्पट केले तर फायटरचे काम दुप्पट होते, पण होल्ड पर्सन किंवा हिप्नॉटिक पॅटर्न या शत्रूला निष्क्रिय करणाऱ्या स्पेलना शत्रूचे हिट पॉइंट ४० आहेत की ८० याने फरक पडत नाही, म्हणून विझर्डचा वाटा उलट वाढतो. शून्यावर जाऊन उठणाऱ्याला एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी देण्याचा घरगुती नियम बराच चालतो. तोही प्रामुख्याने पुढच्या फळीलाच झिजवतो, कारण लाँग रेस्टमध्ये एकच पायरी उतरते आणि तिसऱ्या पायरीला वार आणि सेव्ह दोन्ही डिसअॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा घेत) टाकावे लागतात. पडलेल्या पात्रावर शत्रूने वार करणे हा नियमातला मार्ग आहे, पण पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल ठरून डेथ सेव्हची दोन अपयशे देतो, म्हणजे दोन वारांत पात्र संपते. हे हत्यार एखाद्या क्रूर शत्रूपुरते राखावे आणि तो असे करतो हे आधी दाखवावे.

त्यापेक्षा सौम्य आणि बऱ्यापैकी समन्यायी असा बदल म्हणजे डेथ सेव्हची अपयशे उठल्यावर पुसू नयेत, पुढच्या रेस्टपर्यंत तशीच ठेवावीत. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘वून्डेड’ (जखमी) या स्थितीने साधारण हेच साधले आहे: मरणाच्या दारातून परत आलेले पात्र पुढच्या वेळी त्या दाराच्या एक पायरी जवळून सुरुवात करते. पहिल्यांदा पडण्याला शिक्षा नाही, पण वारंवार पडून उठण्याला किंमत आहे. त्याच्या जोडीला हिऱ्यांचा हिशोब ठेवावा. रिव्हिव्हिफाय बंद करण्याची गरज नाही. गावातल्या सराफाकडे ३०० नाण्यांचे किती हिरे आहेत एवढे ठरवून ठेवले की ते स्पेल आपोआप निर्णयाचा विषय बनते.

विझर्डला धोका हवा असेल तर तो शत्रूंच्या रचनेतून आणावा. सगळे शत्रू एकाच खोलीत, एका घोळक्यात उभे असले की फायरबॉलला आमंत्रणच असते. दोन दिशांनी आणि दोन टप्प्यांत येणारे, मागे तिरंदाज ठेवणारे शत्रू असले की तेच स्पेल दोन-तीन जणांपुरते उरते. तिरंदाजाचा बाण लागला की कॉन्सन्ट्रेशनसाठी (चालू स्पेल टिकवण्यासाठी) कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकावा लागतो, ज्याचा आकडा १० किंवा इजेच्या निम्मा यांपैकी जो मोठा तो असतो. हा सेव्ह मागायला बरेच डीएम विसरतात, आणि न मागितलेला सेव्ह ही विझर्डला मिळालेली सर्वांत मोठी सवलत असते. फायटरने तिरंदाजापर्यंत पोहोचणे हे मग लढाईतले खरे काम ठरते.

लढाईबाहेरच्या कंटाळ्याबद्दल थोडक्यात: फायटरवाल्याने काही करायचे म्हटले की फासा मागायचा आणि विझर्डने स्पेल टाकला की तो आपोआप यशस्वी धरायचा, अशी सवय अनेक टेबलांवर असते. ज्या कामात अपयशाने काही बिघडत नाही तिथे फासा मागूच नये.

दोन संच एकत्र वापरले जात असतील तर

गटातल्या एकाकडे २०१४ चे पुस्तक आणि दुसऱ्याकडे २०२४ चे असले, तर वरचे सगळे हिशोब घसरतात. नव्या मार्गदर्शकाने शत्रूंच्या संख्येचा गुणक काढून टाकला आणि लढाईच्या ‘लो’, ‘मॉडरेट’, ‘हाय’ अशा तीनच पातळ्या ठेवल्या. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘लो’ची मर्यादा २०० एक्सपी आहे, म्हणजे जुन्या हिशोबात ‘डेडली’ असलेले तेच चार गॉब्लिन नव्या हिशोबात सर्वांत हलक्या पातळीत बसतात. नव्या संचात हीलिंग वर्डचा फासा एक डी४ ऐवजी दोन डी४ झाला आहे, आणि एक्झॉशनची प्रत्येक पायरी डी२० च्या निकालातून २ वजा करते. डीएमने कोणत्या पुस्तकातून लढाया मोजायच्या हे एकदा ठरवावे. पात्रे एका संचाची आणि लढाईचे मोजमाप दुसऱ्याचे असेल तर वहीतल्या नोंदींवरून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही.

मेलेल्या पात्राचा खेळाडू

एवढे करूनही पात्रे मरणारच, आणि ती मरावीत. प्रश्न उरतो तो गावाहून दोन तास प्रवास करून आलेल्या आणि पहिल्या अर्ध्या तासातच पात्र गमावलेल्या खेळाडूचा. प्रत्येकाने एक राखीव पात्र लिहून डीएमच्या फायलीत ठेवावे, आणि त्याचा कथेत प्रवेश होईपर्यंत गटासोबतचा वाटाड्या किंवा भाडोत्री शिपाई त्या खेळाडूच्या हाती द्यावा. वाटाड्याचे हिट पॉइंट आणि एक हत्यार एवढे लिहिलेले असले तरी पुरते.

नवे पात्र पहिल्या लेव्हलला आणण्याची प्रथा काही गटांत अजून आहे, कारण ‘लेव्हल कमवावी लागते’. पाचव्या लेव्हलच्या गटात तिचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. शत्रूच्या फायरबॉलमध्ये सेव्ह चुकल्यावर सरासरी २८ इजा होते. कॉन्स्टिट्यूशन १४ चा, सरासरी हिट पॉइंट घेतलेला पाचव्या लेव्हलचा विझर्ड ३२ वर असतो आणि उभा राहतो, चौथ्या लेव्हलचा २६ वर असतो आणि खाली पडून डेथ सेव्ह टाकतो. ८ हिट पॉइंटचा जागीच मरतो, आणि त्याच नियमाने १२ हिट पॉइंटचा पहिल्या लेव्हलचा फायटरही. नवे पात्र गटाच्याच लेव्हलला आणावे; फरक ठेवण्याचा आग्रहच असेल तर तो एका लेव्हलपलीकडे नेऊ नये.